दोन नंबरचा रिमोट

४ नोव्हेंबर, मंगळवार. दुपारी दीड.

बँकेतल्या साहेबांनी ही डायरी देऊन महिना झाला. त्यात काय लिहायचं म्हणून घराच्या पुढच्या खोलीतल्या माझ्या शिवणाच्या दुकानात कात्रीखाली पडून होती. आज कारण मिळालं.

आज टीव्हीवर डेमो दिसला.

छत्तीस वर्षांनी! तोच. तोच शर्ट, तीच पँट. पँट तेव्हाही आखूड होती, आताही आखूडच आहे.

झालं असं, की मुलीने टीव्हीवर काहीतरी नवीन घेतलंय. दर महिन्याला पैसे भरायचे आणि जुने व्हिडिओ गेम खेळायचे. मी म्हटलं, जुन्याला कोण पैसे देतं? माझ्याकडे कोणी फाटकी पँट घेऊन आलं तर मी त्याला नव्याचा भाव सांगते का? ती म्हणाली, आई, हे रेट्रो आहे. म्हणजे जुनंच, पण महाग.

सात दिवस फुकट आहे म्हणाली. सोबत दोन रिमोट आलेत, एकावर १, दुसऱ्यावर २. म्हटलं दाखव. ती यादी खाली सरकवत गेली आणि मी ओरडले, थांब!

इंग्रजी मला कपड्यांच्या लेबलापुरतं येतं, पण तेवढं पुरतं. खाली त्याचं नाव लुकलुकत होतं. डी, ई, एम, ओ. डेमो. लहानपणीही असंच लुकलुकायचं.

मामाने दादासाठी तो गेम आणला होता. मी चौथीनंतर घरीच, आईच्या मशीनपाशी काजं-बटणं करायला. म्हणून दादा मला बटण म्हणतो, अजूनही. शाळेत जाताना तो गेम लावून द्यायचा आणि सांगून जायचा, एक नंबरचा रिमोट माझा, त्याला हात लावायचा नाही, दोन नंबरचा तुझा. मी कधी लावला नाही. दुपारभर दोन नंबरवर खेळायची. तीन खड्डे, शिडी, चावी, वटवाघूळ, मग पूल. पुलावर पडदा काळा व्हायचा. तेव्हा वाटायचं लाइट गेली. नाहीतर आईची हाक यायचीच.

पूल तेवढा राहिला. बाकी सगळा गेम मी दहाव्या वर्षी जिंकलेला आहे.

ठरलं. सात दिवसांत पूल ओलांडायचा आणि आठव्या दिवशी हे फुकटचं बंद करून टाकायचं. आपण कोणाला दमडी देणार नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार. दुपारी पावणेतीन.

पहिल्याच डावात पुलापर्यंत! छत्तीस वर्षं हात लावला नव्हता, पण हात विसरत नाही. तिसऱ्या खड्ड्यापाशी डेमो जरा मागे सरकतो आणि मग उडी मारतो. ही माझी लकब. लहानपणीही मी अशीच खेळायची. माणसाची लकब जात नाही.

पुलावर पडदा काळा. पुन्हा पहिल्यापासून.

दादाला फोन लावला. तो आणि वहिनी सोळा तारखेला जेवायला येतायत. म्हटलं, दादा, डेमो सापडला. तो म्हणाला, कोण? म्हटलं, डेमो! आपल्या गेममधला! तर गप्प. या विषयावर तो कायम गप्प होतो. मी कुठल्याही कार्यात सांगायला लागले, की मी दादापेक्षा चांगली खेळायची, की हा लगेच पाणी आणायला उठतो. जळतो. दादाने आयुष्यात माझ्या कुठल्या गोष्टीला चांगलं म्हटलेलं नाही. दुकान काढलं तेव्हा म्हणाला, बोर्ड वाकडा आहे. होता वाकडा, पण म्हणून काय झालं?

मी स्पष्ट सांगितलं. सोळाला मी सगळ्यांसमोर पूल ओलांडणार. मग तू उभं राहून मोठ्याने म्हणायचं, "बटण, तू माझ्यापेक्षा भारी खेळतेस." एवढंच. दुसरं काही नको.

तो म्हणाला, तू अजून तेच धरून बसलीयस?

म्हटलं, हो.

मग त्यानेच विचारलं, गुडघे कसे आहेत.

६ नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी दोन.

आज सहा वेळा पुलापर्यंत. सहाही वेळा काळा पडदा.

ह्यांची बातम्यांची वेळ बुडाली. रिटायर झाल्यापासून हे दुपारच्या बातम्या बघतात आणि त्याच संध्याकाळी पुन्हा बघतात. म्हणाले, हा माणूस किती दिवस उड्या मारणार आहे? म्हटलं, तुम्ही तीस वर्षं लिफ्ट वर-खाली केली, मी विचारलं का?

बँकेतल्या साहेबांची राखाडी पँट हातात घेतली. दोन बोटं कमी करायची होती. पुलाचा विचार चालू होता, एका पायाची चार बोटं गेली. मग दुसऱ्याचीही चार घेतली. आता दोन्ही पाय सारखे आहेत. फिटिंगला खोट नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी तीन.

मधेच वहिनीचा फोन आला, पुढच्या रविवारी गोड काय आणू म्हणून. एका हातात फोन, एका हातात रिमोट. तरी पुलापर्यंत! म्हणजे मला एक हात पुरतो. हे मला आजच कळलं.

अंगठ्याला फोड आलाय. जोरात दाबलं की डेमो उंच उडतो, त्याला इलाज नाही. आता बोटात शिवणाची लोखंडी टोपी घालून दाबते. टकटक आवाज होतो, पण उडी छान बसते.

मुलीला आज सुट्टी. दारात उभी राहून बघत होती. बराच वेळ. मग म्हणाली, आई, तो रिमोट... आणि थांबली. माझ्या बोटातल्या टोपीकडे बघितलं. म्हटलं, काय? म्हणाली, काही नाही, चहा ठेवू का?

ही पोरगी आपणहून चहा ठेवते म्हणजे चांगलीच थक्क झालेली दिसते.

नंतर गॅलरीत जाऊन फोनवर हळू आवाजात बोलत होती. "मामा, मी नाही सांगणार, तुम्हीच सांगा," एवढंच ऐकू आलं. दादाला बातमी पोचली. घाबरला असणार.

१० नोव्हेंबर, सोमवार. दुपारी सव्वाचार.

उद्या फुकटचे दिवस संपतात आणि पूल तसाच. ह्यात माझी चूक नाही. माल खराब आहे.

त्यांच्या मदतीच्या नंबरला फोन केला. पाऊण तास पेटी वाजली. मग एक मुलगा आला, आवाज असा गोड की मला आधीच संशय आला. म्हटलं, तुम्ही गेम पुलापर्यंतच देता. पुढचा कुठे ठेवलाय? अर्धी पँट शिवून मी गिऱ्हाइकाला देते का?

तो म्हणाला, मॅडम, स्टार्ट दाबलंत का?

म्हटलं, बाळा, मी दहा वर्षांची असताना स्टार्ट केलंय, तू कुठे होतास?

तो म्हणाला, रिमोट कनेक्टेड आहे का? म्हटलं, दिवा लागलाय, दिसतोय मला. तो म्हणाला, दोन्हींचा? म्हटलं, दोन्हींचा. मग तोही अडला. प्रश्न अवघड असला की ही माणसं अशी अडतात. शेवटी म्हणाला, प्रीमियम घ्या. त्यात खेळ मागे नेता येतो, हवा तिथे थांबवून ठेवता येतो.

म्हटलं, मला मागे जायचं नाही, पुढे जायचंय. फोन ठेवला.

उद्या बंद करणार. नक्की.

११ नोव्हेंबर, मंगळवार. दुपारी एक वाजून पन्नास.

बंद करायला बसले. चेन बसवायला दहा मिनिटं लागतात, उसवायला अर्धा तास. या गेमवाल्यांचंही तसंच. घेताना एक बटण होतं, सोडताना सात. दर बटणाला विचारतात, नक्की जायचंय का? का जायचंय? आमचं काय चुकलं? एका ठिकाणी रडका चेहरा काढलाय. मी दाबत गेले. शेवटी एक मोठं हिरवं बटण आलं, तेही दाबलं.

वर्षाचं प्रीमियम झालं.

ठीक आहे. वर्षाचं घेतलं की स्वस्त पडतं. मी मुद्दामच घेतलं. ह्यांना सांगितलेलं नाही. हे विचारतील तेव्हा वर्ष संपलेलं असेल.

१३ नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी तीन.

प्रीमियम घेऊनही पूल तसाच. पण माझ्या हाताची कमाल बघा. आज डोळे मिटून खेळले. नुसत्या आवाजावर. उडी, उडी, मागे सरक, उडी. डोळे उघडले तर पुलावर! नंतर चहा पीत पीत खेळले, तरी पुलापर्यंत. नंतर बघते तर रिमोट चार्जिंगला लावायचा राहिलेला, दिवासुद्धा विझलेला. तरीही पोचले!

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, मग तू आहेस कशाला? ह्यांना खेळातलं काही कळत नाही.

बँकेतले साहेब पँट न्यायला आले. अंगाला लावून बघितली. म्हणाले, ही माझीच ना? म्हटलं, हल्ली अशाच घालतात. ते म्हणाले, बँकेत? म्हटलं, मोजे चांगले घाला, उठून दिसतील. गेले. डायरी परत मागितली नाही, सज्जन माणूस.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपारी अडीच.

तक्रार लेखी दिली. मी बोलले, मुलीने फोनवर टाइप केली. एक शब्द बदलायचा नाही म्हणून बजावलं होतं. अशी:

"मी तुमची वर्षाची प्रीमियम आहे. दहा दिवसांत एकूण एकसष्ट वेळा पुलापर्यंत पोचले आहे. इतकं चांगलं खेळणारं तुमच्याकडे दुसरं कोणी नसेल. तरी पुलावर पडदा काळा होतो. माझ्या खात्यावर मी किती खेळले ते तपासा आणि लेखी कळवा. सोळा तारखेच्या आत पूल चालू करा, घरी माणसं येणार आहेत."

टाइप करताना मुलीचे खांदे हलत होते. सर्दी झालीय वाटतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी चार.

उद्या दादा.

टीव्हीपुढे खुर्च्या लावल्या. दादाची मधोमध, म्हणजे त्याला पाण्याचं निमित्त करून उठता येणार नाही. पाण्याचा तांब्याही आधीच त्याच्या हाताशी ठेवणार.

पुलाची युक्ती सापडलीय. इतके दिवस मी काळा पडदा आला की दाबायचं थांबत होते. आता थांबणार नाही. अंधारातच दोन्ही अंगठ्यांनी दाबत राहायचं. पलीकडे निघणारच.

मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, आई, उद्या एक नंबरचा रिमोट घेऊन बघ ना. म्हटलं, तो दादाचा. ती म्हणाली, आता कुठे कोणाचा आहे, दोन्ही आपलेच आहेत. म्हटलं, छत्तीस वर्षांची सवय ऐन परीक्षेच्या दिवशी मोडू? तुला कात्री बदलून दिली तर सरळ कापशील का?

ती उठून डबी घेऊन आली. माझ्या फोडाला मलम लावून दिलं. हल्ली फार मायेने वागते. काहीतरी हवं असणार.

१६ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी सहा.

जिंकले.

म्हणजे दादाने म्हटलं. व्यवस्थित लिहिते.

जेवणं झाली. सगळे खुर्च्यांवर. दादा मधोमध, वहिनी, हे, मुलगी.  मी मांडी घालून खाली बसले, गेम लावला, बोटात टोपी, हातात दोन नंबर. डेमो निघाला.

पहिला खड्डा. दुसरा. टकटक टकटक. मागे दादा तोंडातल्या तोंडात पुटपुटत होता, आता मागे, आता उडी. त्याला माझा सगळा खेळ पाठ आहे! छत्तीस वर्षं लक्षात ठेवलाय. मला असं भरून आलं की चष्म्यावर वाफ धरली. पुसायला चष्मा काढला, तर बोटातली टोपी निसटली, तिला पकडायला गेले तर रिमोट मांडीवरून घसरला आणि थेट सोफ्याखाली.

मी पालथी पडून सोफ्याखाली हात घातला. हाताला लागेना. तेवढ्यात टीव्हीतून चावी घेतल्याचा तो टिंग आवाज आला.

मान वळवून बघितलं. डेमो शिडी चढून गेला होता. चावी त्याच्या हातात होती. रिमोट सोफ्याखाली.

वहिनी पंख्याकडे बघत होती. पंखा बंद होता. मुलगी नखं बघत होती. हे म्हणाले, अगं, रिमोट तर खाली आहे, मग हा कसा काय... आणि एकदम ओय ओय करत पाय धरून बसले. मुलीचा पाय त्यांच्या पायावर होता.

मी रिमोट काढला. झटकला. परत बसले आणि खेळले. वटवाघूळ चुकवलं. पूल आला. पडदा काळा झाला. अंधारात दोन्ही अंगठ्यांनी दाबत राहिले. बराच वेळ दाबत राहिले. 

मग दादा उभा राहिला. त्याला कोणी आठवण करून दिली नव्हती. मोठ्याने म्हणाला, "बटण, तू माझ्यापेक्षा भारी खेळतेस."

म्हटलं, आता तू खेळ. तो म्हणाला, माझी काय हिंमत. आणि पाणी प्यायला. तांब्याने.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ह्यांनी जरा उशिरा.

या नव्या रिमोटची रेंज फार चांगली आहे. सोफ्याखालून, न धरताही चालतो. प्रीमियमचा हाच फायदा.

१७ नोव्हेंबर, सोमवार.

आज खेळले नाही. अंगठा दुखतोय.

चार ब्लाउज, एक चेन. सगळं मापात.

१८ नोव्हेंबर, मंगळवार. दुपारी दोन.

तक्रारीचं उत्तर आलं. मुलगी कामावर गेलीय. मराठीत होतं, माझं मीच वाचलं. एकेक शब्द बोट ठेवून.

"आदरणीय ग्राहक, पडद्यावर डेमो ही अक्षरं दिसत असताना गेम नमुना म्हणून आपोआप चालतो आणि पुलापाशी संपतो. तो कोणी खेळत नसतो. खेळण्यासाठी एक क्रमांकाच्या रिमोटवर स्टार्ट दाबावे. हा गेम एकाच खेळाडूचा आहे, त्यात दोन क्रमांकाचा रिमोट चालत नाही. आपल्या विनंतीनुसार आपल्या खात्यावरील एकूण खेळलेला वेळ: शून्य मिनिटे."

शून्य मिनिटे पुन्हा वाचलं. दुकानात पुतळ्याला ड्रेस घालून उभं करतात. मी छत्तीस वर्षं त्या पुतळ्याचं माप घेत होते.

दादाला फोन केला. ओरडणार होते. त्याने हॅलो म्हटलं आणि माझ्या तोंडून एवढंच निघालं, की दादा, दोन नंबरचा रिमोट कशाला असतो रे?

 तो म्हणाला, मी शाळेतून आलो की तू दारातच उभी असायचीस. आज डेमोने किती उड्या मारल्या ते सांगायला. मी रोज ठरवायचो, आज हिला सांगू. मग म्हणायचो, उद्या.

  मग त्याने विचारलं, गुडघे कसे आहेत. म्हटलं, बरे आहेत.

दुकानाचं दार लोटून घेतलं. एक नंबरचा रिमोट उचलला. अजून त्याच्यावरचा प्लास्टिकचा कागदही निघाला नव्हता. कागद काढला. बोटात टोपी घातली नाही. स्टार्ट दाबलं.

खालची डी, ई, एम, ओ अक्षरं गेली. तो उभा राहिला. हलेना. मी बटण दाबलं, तो एक पाऊल चालला. पुन्हा दाबलं, पुन्हा एक पाऊल. मग पळाला आणि सरळ पहिल्या खड्ड्यात पडला.

पुन्हा लावलं. पहिला खड्डा. अकरा वेळा खेळले, अकराही वेळा पहिला खड्डा.

इतकी वर्षं तो नीट उड्या मारत होता. आज पहिल्यांदा माझं ऐकलं, म्हणून पडला.